प्लॅनेट ऑफ द एप्स: तोंडातून फुटलेला पहिला शब्द 'नाही'

रानपिंगळा

मंडळी, गेले अडीच महिने दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की आम्ही घरातले तिघं प्लॅनेट ऑफ द एप्सचा एक एक पिक्चर बघत होतो, १९६८ च्या पहिल्यापासून २०२४ च्या किंगडमपर्यंत दहाच्या दहा, आणि काल रात्री शेवटचा संपला. झोपच लागली नाही. कोणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून हा धागा. ज्यांनी बघितले नाहीयेत आणि बघायचेत त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड केलंय.

आपल्याकडे या मालिकेचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर घोड्यावर बसून बंदुका चालवणारी माकडं येतात आणि विषय तिथंच संपतो. मला स्वतःला ओळीने बघताना असं जाणवत गेलं की ही सगळी गोष्ट बोलण्याची आहे. कोणाला बोलता येतं, कोणाचं बोलणं काढून घेतलं जातं, आणि बोलता आल्यावर माणूस किंवा कपी (म्हणजे एप) पहिलं काय बोलतो.

पहिला पिक्चर घ्या. अंतराळवीर टेलर (चार्ल्टन हेस्टन) कपींचं राज्य असलेल्या एका ग्रहावर उतरतो, गोरिलांच्या शिकारीत सापडतो आणि त्याच्या गळ्याला जखम होते. आवाज गेला. आता तो बाकीच्या मुक्या माणसांसारखाच एक जनावर, पिंजऱ्यात. झिरा नावाची चिंपांझी डॉक्टरीण त्याला 'ब्राइट आईज' म्हणते कारण त्याच्या डोळ्यात तिला काहीतरी दिसतं, पण सिद्ध कसं करणार? मग तो आवारातल्या मातीत बोटाने अक्षरं लिहितो. आजूबाजूच्या माणसांच्या झटापटीत ती अर्धी पुसली जातात, उरलेली डॉ. झायसला दिसतात, आणि झायस हातातल्या काठीने ती शांतपणे पुसून टाकतो. मी तिथं पिक्चर थांबवला आणि मागे नेऊन परत बघितला. त्याने वाचलंय, त्याला कळलंय, आणि कळलंय म्हणूनच तो पुसतोय. हा झायस विज्ञानमंत्री पण आहे आणि धर्माचा मुख्य रक्षक पण, दोन्ही खुर्च्या एकाच ओरांगउटानकडे, ही एवढी एक गोष्ट सांगून पिक्चरने अख्खा समाज उभा केलाय. नंतर पळून जाताना टेलर जाळ्यात उलटा लटकतो आणि त्याचा आवाज परत येतो, 'तुझे घाणेरडे पंजे काढ' असं तो ओरडतो आणि सगळा बाजार जागच्या जागी गप्प होतो.

आता तिसऱ्या पिक्चरला या (एस्केप, १९७१). त्यात झिराचा नवरा कॉर्नेलियस माणसांना कपींचा इतिहास सांगतो, की कपी माणसांचे गुलाम होते आणि एक दिवस आल्डो नावाच्या एका कपीने तोंडातून पहिला शब्द काढला, तो शब्द होता 'नाही'. चौथ्यात (कॉन्क्वेस्ट, १९७२) लिसा नावाची चिंपांझी पहिल्यांदा बोलते ते पण 'नाही', पण तिचा 'नाही' आपल्याच कपींना आहे, मारू नका म्हणून. आणि मग २०११ च्या राइजमध्ये तो कोंडवाड्यातला पोरगा विजेचा दंडुका घेऊन सीझर नावाच्या चिंपांझीवर येतो, सीझर त्याचा हात धरतो आणि पोरगा टेलरचंच ते पंजेवालं वाक्य बोलतो. त्रेचाळीस वर्षांनी तेच वाक्य, पण आता माणसाच्या तोंडी, कपीला उद्देशून! सीझर हात न सोडता बोलतो. 'नो'. मी तेव्हा थेटरात बघितला होता, पॉपकॉर्नचा आवाज बंद झाला होता हो, खरं सांगते.

उलट बाजू पण बघा. दुसऱ्या भागात (बिनीथ, १९७०) मुकी नोव्हा आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द उच्चारते, 'टेलर', आणि लगेच गोळी लागून मरते. २०१७ च्या वॉरमध्ये ज्या विषाणूने कपी हुशार झाले तोच आता माणसांची वाचा काढून घेतोय आणि माणसांच्या फौजेचा कर्नल बोलणं गेलेल्या आपल्याच माणसांना मारतोय, स्वतःच्या मुलालासुद्धा. म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो माणूसच नाही, हे झायसचंच म्हणणं झालं की. आणि २०२४ मध्ये बोलणं सगळ्या कपींकडे आहे, पण सीझरचे शब्द प्रॉक्सिमस नावाच्या कपी राजाने चोरलेत आणि त्याच शब्दांनी तो इतरांना वेठीला धरतोय. मला तर हा शेवटचा टप्पा सगळ्यात भयंकर वाटला.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि कोणी कुठल्या क्रमाने बघितले तेही.

पेठेतला

मस्त लिहिलंय, नोव्हाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

माझं एक जुनं दुःख सांगतो. मी कॉलेजात असताना कोपऱ्यावर एक सीडी लायब्ररी होती, तिथून १९६८ चा पिक्चर आणला आणि कव्हरवर काय, तर समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडली गेलेली स्वातंत्र्यदेवता!! म्हणजे तो ग्रह आपली पृथ्वीच आहे हे शेवटच्या मिनिटापर्यंत लपवून ठेवलंय, तेच कव्हरवर छापलेलं. दोन तास मी त्या पुतळ्याची वाट बघत बसलो, धक्का बसायचा तो बसलाच नाही, आणि ती संधी माणसाला एकदाच मिळते. त्यामुळे नवीन बघणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती की कव्हर, पोस्टर, ट्रेलर काही न बघता थेट पिक्चर लावा.

बाय द वे पियेर बूलच्या मूळ फ्रेंच कादंबरीत (१९६३) हा पुतळा नाहीच. तिथं ग्रह खरंच वेगळा आहे, आणि कपींकडे गाड्या, विमानं, आधुनिक शहरं सगळं आहे. पिक्चरवाल्यांना तेवढं शहर उभं करायचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून ते मातीतून कोरल्यासारखं गाव आलं, आणि माझ्या मते ते फार बरं झालं. बूल म्हणजे तोच, ज्याच्या कादंबरीवर ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय निघाला. दुसऱ्या महायुद्धात स्वतः कैद भोगलेला माणूस. पिंजऱ्याच्या आतून जग कसं दिसतं हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

रंगपेटी

मी नाटकांची रंगभूषा करतो, वीस वर्षं झाली, त्यामुळे माझा जीव मेकअपमध्ये अडकलाय, तेवढंच बोलतो.

१९६८ चं काम जॉन चेंबर्सचं. हा माणूस पिक्चरमध्ये यायच्या आधी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम नाक, कान, जबडे करायचा. त्यामुळे चेहरा आतून कसा हलतो हे त्याच्या हातात होतं. फोम रबरचे वेगवेगळे तुकडे, कपाळाचा वेगळा, नाक आणि वरच्या ओठाचा वेगळा, हनुवटीचा वेगळा, असे चिकटवायचे म्हणजे खालचा स्नायू हलला की वरचा तुकडा हलतो. आम्ही साधी दाढी स्पिरिट गमने लावतो तरी दुसऱ्या अंकात घामाने कडा सुटायला लागतात आणि विंगेत उभं राहून कापसाने दाबत बसावं लागतं. आणि ते लोक कॅलिफोर्नियाच्या उन्हात! एका माणसाला तयार करायला तास न् तास लागायचे. झायससाठी आधी एडवर्ड जी. रॉबिन्सनची चाचणी झाली होती पण तब्येतीला तो मेकअप झेपेना म्हणून त्यांनी काम सोडलं आणि मॉरिस इव्हान्स आले.

पण नुसत्या मेकअपने भागत नाही. रॉडी मॅकडोवॉल (कॉर्नेलियस) बाकीच्या नटांना सांगायचा की चेहरा सतत हलता ठेवा, नाक उडवा, गाल हलवा, डोळे मिचकावा, नाहीतर तो मुखवटा वाटेल. पुढच्या वेळी बघाल तेव्हा फक्त त्याच्या नाकाकडे बघा. ऐकताना सुद्धा ते नाक हलतंय. मी हे आमच्या पोरांना दाखवतो, की रंग आम्ही लावू पण जिवंत तुम्ही करायचं.

चेंबर्सना त्यासाठी खास मानाचं ऑस्कर दिलं, कारण तेव्हा मेकअपचं नेहमीचं बक्षीसच नव्हतं. ते १९८१ च्या पिक्चरांपासून सुरू झालं आणि पहिलं मिळालं रिक बेकरला, ज्याने पुढे २००१ च्या टिम बर्टनच्या भागाचा मेकअप केला. बर्टनचा पिक्चर लोक नावं ठेवून बाजूला टाकतात, मी नाही टाकत. टिम रॉथने केलेला कपींचा सेनापती थेड चेहऱ्यावर एवढं सगळं असून अंगावर धावून येतो. गोष्ट कच्ची आहे हे मान्य, काम कच्चं नाही.

अजून एक. १९६८ च्या शूटिंगला जेवणाच्या सुट्टीत मेकअप न उतरवता सगळे बसायचे आणि कोणी न सांगता गोरिला गोरिलांबरोबर, चिंपांझी चिंपांझींबरोबर, ओरांगउटान वेगळे असे गट पडायचे. कलाकारांनी नंतर मुलाखतींमधून सांगितलंय हे.

गुंडू_भाऊ

रंगपेटीकाका, तुमची शेवटची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. चेहऱ्यावर रबर चिकटवून चार दिवस झाले नाहीत तर पंगती वेगळ्या झाल्या. आपल्याकडे पंगती कशावरून वेगळ्या व्हायच्या ते माझ्या आजोबांनी सोसलंय, मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, लग्नघरी मांडवाबाहेर बसवायचे. म्हणून मला पहिल्या पिक्चरची ती रचना, गोरिला शिपाई, चिंपांझी शास्त्रज्ञ, ओरांगउटान धर्म आणि सत्ता सांभाळणारे, ही कल्पित वाटतच नाही.

कॉन्क्वेस्टबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. त्यात कपींना घरकाम, हॉटेलात वाढणं, बूट पुसणं असली कामं शिकवून लिलावात विकतात आणि शेवटी उठाव होतो. तो उठाव दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सनने १९६५ च्या लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागातल्या दंगली डोळ्यासमोर ठेवून घेतलाय. मूळ शेवटात उठावाचा पुढारी सीझर (हा जुन्या पिक्चरांमधला, राइजमधला नाही) क्षमा करत नाही. चाचणी खेळाला लोक हादरले म्हणून मग भाषणाचा शेवट मवाळ केला, वरून आवाज डब केला. नीट बघा, मवाळ बोलताना कॅमेरा त्याच्या तोंडावर नाही, फक्त डोळ्यांवर आहे. ताई, तुमच्या बोलण्याच्या मुद्द्यात हे पण धरा, बंड केलेल्याच्या तोंडात शेवटी दुसऱ्यांनी शब्द घातले.

रानपिंगळा

गुंडूभाऊ, हे मला माहीतच नव्हतं. आत्ता लावून बघितलं, खरंच फक्त डोळे दिसतात. आजोबांबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

सोनचाफा

मला सायन्स फिक्शन फार झेपत नाही, मी राइज बघितला तो मुलाच्या आग्रहाने. पण त्यातला एक प्रसंग माझ्यासाठी अख्ख्या पिक्चरएवढा आहे.

सीझरला घरी वाढवणारा शास्त्रज्ञ विल, त्याच्या वडिलांना अल्झायमर आहे (जॉन लिथगो), त्यांच्यासाठीच तो औषध शोधत असतो. औषधाने ते बरे होतात, आणि मग औषध कमी पडायला लागतं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर ते काटा उलटा धरून अंडं खायला बघतात. कोणी काही बोलत नाही. सीझर समोर बसलेला असतो, तो हळूच हात पुढे करतो आणि त्यांच्या हातातला काटा फिरवून सुलटा करून देतो. बस एवढंच.

आमचे दादा शेवटची तीन वर्षं असेच होते. वरणभात कालवायचे आणि कालवतच राहायचे, घास तोंडापर्यंत न्यायचा हे विसरायचे. आम्ही मोठी माणसं 'दादा जेवा, दादा जेवा' करून ओरडायचो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, ती काही न बोलता त्यांचं मनगट धरून हात वर न्यायची आणि ते खायचे. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तो प्रसंग आला तेव्हा मी उठून आत गेले आणि परत यायला वेळ लागला.

ब्रह्मपुत्रेकाठी

नोकरीनिमित्त आसामात असतो. एक शब्दाची गोष्ट. मूळ पोस्टमध्ये ताईंनी 'कपी' लिहिलंय ते बरोबर आहे, पण पुष्कळ लोक सर्रास माकड म्हणतात. एप म्हणजे माकड नाही, एपला शेपूट नसते. पिक्चरमध्ये सुद्धा चिंपांझींना माकड म्हटलं की राग येतो. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन एवढेच काय ते. त्यातला गिबन आपल्या देशात आहे, ईशान्येत, दुसरा कुठला कपी भारतात जंगलात नाही. जोरहाटजवळ होल्लोंगापारला गिबनसाठी राखलेलं अभयारण्य आहे, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं, आणि मधून रेल्वेचा रूळ जातो. गिबन झाडावरून सहसा उतरत नाहीत, त्यामुळे रुळाच्या अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे.

सकाळी तिथे उभं राहायला पाहिजे एकदा. नर काळा, मादी भुरकट, दोघं मिळून गातात. आधी एक हूक, मग दुसऱ्याचं उत्तर, मग चढत चढत एवढं मोठं होतं की लांबवर ऐकू येतं. बोलण्यावर धागा निघालाय म्हणून हे आठवलं.

वेंगुर्लेकर

राइजमधली प्राण्यांची डॉक्टर कॅरोलाईन म्हणजे आपल्या मुंबईची फ्रीडा पिंटो, आणि पात्राचं आडनाव अरान्हा ठेवलंय, आपल्या गोवा-मंगळूरकडचं! मला ते ऐकून फार बरं वाटलेलं. काम मात्र फार थोडं दिलंय तिला.

आणि अँडी सर्किसला एकदाही ऑस्करचं नामांकन नाही याचा मला अजून राग येतो. गालावर ठिपके, कपाळापुढे कॅमेरा लोंबतोय, तशात तो माणूस तीन पिक्चर सीझरला तरुणपणापासून मरेपर्यंत जगला. २०११ पासूनचे चारही भाग स्पेशल इफेक्ट्ससाठी नामांकनात होते, एकालाही मिळालं नाही. रंगपेटीकाका म्हणाले तेच, रंग कोणीही लावो, जिवंत नटानेच केलंय.

पेठेतला

क्रमाबद्दल कोणीच बोललं नाही. मी म्हणेन निघाले त्या क्रमानेच बघा. जुने पाच म्हणजे एक गोल चक्कर आहे, दुसऱ्याच्या शेवटी पृथ्वीच उडवली आणि तरी तिसरा काढायचा म्हणून लेखक पॉल डेनने झिरा-कॉर्नेलियसला टेलरच्या यानातून मागच्या काळात, १९७३ मध्ये पाठवलं. त्यांचं बाळ म्हणजे जुना सीझर. म्हणजे भविष्यातून आलेल्यांनीच ते भविष्य जन्माला घातलं. हे उलट क्रमाने बघितलं तर मजा जाते. पाचवा (बॅटल, १९७३) पैसे संपल्यासारखा दिसतो, तो सोडला तरी चालेल.

खुणेची_भाषा

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. धागा दोन दिवस वाचतेय, लिहू का नको करत होते.

रानपिंगळाताई, तुमचं लिखाण मनापासून आवडलं, पण एका ठिकाणी मला थांबावंसं वाटलं. तुम्ही म्हणता सीझर पहिल्यांदा बोलतो तो 'नो'. तो पहिल्यांदा तोंडाने बोलतो तेव्हा. बोलत तर तो लहानपणापासून होता, हातांनी. गळ्यात पट्टा घालून रेडवूडच्या जंगलातून परत येताना त्याला पट्टा बांधलेला कुत्रा भेटतो, आणि मग तो विलला खुणेने विचारतो की सीझर पाळीव प्राणी आहे का? माझ्या मते त्या पिक्चरमधलं सगळ्यात मोठं वाक्य ते आहे आणि त्यात आवाजच नाही. कोंडवाड्यात मॉरिस नावाचा ओरांगउटान भेटतो तेव्हा पण दोघं खुणांनीच बोलतात, मॉरिस सर्कशीत शिकलेला असतो. सीझर एक काडी मोडून दाखवतो आणि मग काड्यांचा जुडगा, जो मोडत नाही. आपली लाकडाच्या मोळीची गोष्ट! मी वर्गात तेवढा भाग आवाज बंद करून दाखवला तेव्हा मुलांना समजवावंच लागलं नाही. त्या खुणा अमेरिकेतल्या, आपली खुणांची भाषा वेगळी आहे, तरी गोष्ट पोचली.

मॉरिसचं काम कॅरिन कोनोव्हाल नावाच्या बाईंनी केलंय. सिएटलच्या प्राणीसंग्रहालयातल्या ओरांगउटानांजवळ बसून बसून त्या शिकल्या. वॉरमध्ये मॉरिस त्या मुक्या मुलीला खुणा शिकवतो, तिथं मी रडते, दर वेळी.

वाचा गेली म्हणजे बोलणं गेलं असं कर्नलला वाटतं. तुम्हाला तसं म्हणायचं नाहीये हे मला कळतंय, पण माझ्या मुलांना आयुष्यभर लोक तेच म्हणत आलेत म्हणून लिहिलं.

रानपिंगळा

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी दहा पिक्चर बघितले आणि सगळा वेळ कान लावून बघितले. माझी चूक झाली, मूळ पोस्टचं शीर्षक बदललंय, आधी नुसतं 'पहिला शब्द' होतं, आता 'तोंडातून फुटलेला' घातलंय. ते कुत्र्याचं दृश्य मला आठवतंय पण तो प्रश्न माझ्या नजरेतून निसटला होता.

एक विचारू? आपल्या खुणांच्या भाषेत 'नाही' कसं म्हणतात? आणि मुलांनी नंतर काय केलं, पिक्चर बघून?

खुणेची_भाषा

ताई चूक कसली, त्यावरून बोलणं तरी झालं. 'नाही'ला हात आणि मान दोन्ही लागतात, लिहून नीट सांगता येणार नाही, भेटलात तर करून दाखवीन.

आणि मुलांचं सांगते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा झाडूच्या हिराच्या काड्या घेऊन आला, एक मोडली, मग मूठभर एकत्र धरून माझ्या हातात दिल्या. मी जोर लावला, मोडल्या नाहीत. त्याने सगळ्या वर्गाला बोलावलं, परत माझ्या हातात दिल्या, आणि घंटेचा दिवा लागेपर्यंत ते मला ती मोळी मोडायला लावत होते.